सीमाभागाची सूची आणि माझे एजंट

बेळगावातील एका वाचनालयासाठी सीमाभागाच्या इतिहासाची सूची करण्याचे काम मी अंगावर घेतले, तेव्हा संकेतस्थळे धुंडाळणे, मजकूर वाचणे आणि नोंदी जुळवणे ही कामे सॉफ्टवेअर एजंटांवर, म्हणजे सांगितलेले काम आपणहून करणाऱ्या संगणक प्रोग्रॅमांवर, सोपवून आपण मोकळे होऊ, अशी माझी समजूत होती. पुण्यात संगणकाचे काम करणाऱ्या भाच्याने सगळी मांडणी करून दिली आणि ‘मामा, नोंदी मात्र तुम्हीच तपासा’ असे बजावले.

पहिली अडचण नावांची निघाली. बेळगाव, बेळगांव, बेलगाम अशी रूपे आधीपासून होतीच, त्यात नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी हे सरकारी नाव आले. खानापूर तालुक्यातील हलशीचे कदंबकालीन ‘पलाशिका’ हे नाव तर एजंटाने निराळे गाव म्हणून नोंदवले. शेवटी कन्नड रूपांसह नावांचे कोष्टक मी हातानेच केले. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची समान अक्षरसंकेतांची पद्धत रूढ होण्यापूर्वीच्या फाँटमधल्या पीडीएफ पडद्यावर शुद्ध मराठी दिसत, पण एजंटाच्या हाती रोमन अक्षरांचा काला येई. ती पाने चित्र म्हणून अक्षरओळखीच्या प्रणालीतून काढावी लागली.

खरा घोटाळा साहित्य संमेलनांच्या नोंदीत सापडला. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव संमत करणाऱ्या १९४६ च्या बेळगाव संमेलनाचे अध्यक्ष म्हणून तेथे शि. म. परांजपे यांचे नाव होते. परांजपे १९२९ च्या बेळगाव संमेलनाचे अध्यक्ष होते आणि त्याच वर्षी वारले. १९४६ चे अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर. माग काढल्यावर कळले, की वाचणारा एजंट प्रत्येक पानाचा सारांश करून मूळ मजकूर टाकून देई, सारांशात साल गळे, आणि जुळवणारा एजंट त्या सारांशांवरूनच दोन संमेलनांचे एक करी. चूक इतक्या सफाईदार मराठीत लिहिलेली होती, की घाईत असतो तर मीही ती पुढे जाऊ दिली असती.

त्यानंतर मी नियमच घातला: मूळ वाक्य जसेच्या तसे, पानाचा पत्ता आणि पाहिल्याची तारीख नसेल, तर नोंद घ्यायची नाही, साल किंवा व्यक्ती जुळत नसेल, तर एकत्र न करता माझ्याकडे पाठवायचे. याने कामाचा वेग पुष्कळ उतरला. सीमावादावरील महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालाविषयी मराठी आणि कन्नड पानांचा सूर वेगळा असल्याने एजंट पूर्वी मधलेच एखादे वाक्य रचत असे, जे दोघांपैकी कोणीच लिहिलेले नव्हते. आता ती दोन्ही म्हणणी, आपापल्या शब्दांत, एकाखाली एक उभी आहेत.