कर्ज देणाऱ्याने दाराबाहेर थांबावं

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या मदतनिधीचं काम बऱ्याच वर्षांपासून माझ्याकडे आहे. त्यामुळे दयेवरचं प्रवचन ऐकताना माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की मदत घेणाऱ्याची मान ताठ राहते का? याचं सगळ्यात नेमकं उत्तर मला बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात सापडलं.

तिथला नियम असा: शेजाऱ्याला काही उसनं दिलं असेल, तर गहाण घ्यायला त्याच्या घरात शिरायचं नाही. बाहेर उभं राहायचं. तो स्वतः गहाण बाहेर आणून देईल. आत डोकावून ‘ते भांडं दे, ही घोंगडी दे’ म्हणायची सोय धनकोला ठेवलेलीच नाही. काय काढून द्यायचं ते घरधनी ठरवणार, मग तो कितीही गरीब असो. आणि त्याने पांघरूणच गहाण ठेवलं, तर सूर्य मावळताना ते परत करायचं. बायबलमधल्याच ‘निर्गम’ या पुस्तकाच्या २२व्या अध्यायात देव विचारतो, त्याच्याकडे तेवढंच आहे, मग तो काय पांघरून निजणार? आकाश आणि पृथ्वी निर्माण करणारा एका कर्जदाराच्या पांघरुणाची चौकशी करतो, हे वाचून मी दर वेळी थांबते.

अनुवादाच्या त्याच अध्यायात मजुराची मजुरी त्याच दिवशी द्या असंही आहे. शेतात विसरलेली पेंढी परत आणायला जायचं नाही, ती उपऱ्याची, अनाथाची, विधवेची. जैतुनाचं झाड एकदा झोडपलं की पुन्हा झोडपायचं नाही. न्याय कुठे संपला आणि दया कुठे सुरू झाली, ते इथे वेगळं काढता येत नाही. माझं ठाम मत आहे की ते वेगळं काढूही नये. सरवा, म्हणजे कापणीनंतर शेतात राहिलेली कणसं, वेचायला येणारी बाई कुणाच्या मर्जीवर येत नव्हती, तिला नियमानेच वाट होती. बायबलमधली रूथ तशीच आली, परदेशी मवाबी विधवा. शेताचा मालक बवाज याने त्यापुढे जाऊन गड्यांना सांगितलं, पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसं काढून टाका आणि तिला धमकावू नका. मला त्यातलं दुसरं वाक्य जास्त मोलाचं वाटतं.

येशूने शास्त्री-परूश्यांना, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी धर्मपुढाऱ्यांना, सुनावलं तेही याच कारणासाठी. पुदिना, शेप, जिरे यांचा दशमांश मोजून देता, पण न्याय, दया आणि विश्वास सोडून देता. कप्पदुकियातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) कैसरियात इ.स. ३६९च्या सुमारास दुष्काळ पडला, तेव्हा तिथला ख्रिस्ती धर्मगुरू बासिल याने धान्य दडवून ठेवणाऱ्यांना सांगितलं की तुझ्याकडे पडून असलेली भाकर भुकेल्याची आहे, कपाटातला अंगरखा उघड्याचा आहे. पुढे शहराबाहेर त्याने आजाऱ्यांसाठी, कुष्ठरोग्यांसाठी, वाटसरूंसाठी जागा उभी केली.

म्हणून मदत देताना फोटो काढायला मी नकार देते. देणाऱ्यांना पुरावा हवा असतो, हे मला मान्य आहे. त्यासाठी पावत्या आहेत, हिशेबाची वही आहे. शिधा हातात धरून कॅमेऱ्याकडे बघणारी आई हा पुरावा नव्हे. अर्ज करणाऱ्याला सात-आठ जणांच्या समितीपुढे उभं करून घरच्या भानगडी विचारणं, हे तर सरळ त्याच्या घरात शिरणं झालं. एकाने शांतपणे, बाजूला बसून विचारावं आणि ते तिथेच राहावं.

आणखी एक गोष्ट मी बैठकीत लावून धरणार आहे. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या ५व्या अध्यायात कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ते सेनाधीश परमेश्वराच्या कानी जातं. आमच्या प्रार्थनामंदिराची झाडलोट करणाऱ्या बाईंचा पगार अर्पण कमी जमलं की पुढे ढकलला जातो. ध्वनिव्यवस्थेचं बिल मात्र वेळेवर जातं. आधी बाईंचा पगार, मग बाकीची बिलं, असा ठराव मी लिहून ठेवला आहे.