आठशे सत्तर मोहरा

रविवारी माझ्या दुकानाचं शटर अर्धंच वर असतं. झेरॉक्स बंद, पण मागच्या खोलीत फासे चालू. सांगलीच्या विश्रामबागेत नव्यानं राहायला आलेल्या एका बाईंनी एकदा दबक्या आवाजात विचारलं होतं, "आत जुगार चालतो का हो?" फासे म्हटलं की आपल्याला शकुनीच आठवतो, त्यांचा काय दोष?

जुगार नाही. खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो अमेरिकेत १९७४ साली काढला. टेबलाभोवतीचा प्रत्येक जण एकेक पात्र घेतो, पात्र काय करतं ते तोंडानं सांगतो, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. बाकीचं सगळं जग, म्हणजे राक्षस, दुकानदार, पाऊस, हे माझ्याकडे. मी डंजन मास्टर. 'डंजन' म्हणजे काय ते सांगताना मी पोरांना हरिपूरच्या हळदीच्या पेवांची आठवण करून देतो. जमिनीखाली अंधार, आत माल, आणि न विचारता उतरलात तर जिवाला धोका. लगेच कळतं.

घरी चार मित्र खेळतात तेव्हा ते जग त्या चौघांचंच असतं. आम्ही खेळतो ती अ‍ॅडव्हेंचरर्स लीग, २०१४ साली सुरू झालेली. तिच्यात जग एकच, टेबलं मात्र गावोगावी. आज सांगलीत खेळलेलं पात्र उद्या दुसऱ्या शहरातल्या अनोळखी टेबलावर बसू शकतं. कल्पना जुनीच आहे. १९८७ साली 'लिव्हिंग सिटी' नावानं एक आख्खं शहर असं सामायिक केलं होतं. पुढे २००० ते २००८ चाललेल्या 'लिव्हिंग ग्रेहॉक'मध्ये तर खेळाच्या नकाशावरची राज्यं खऱ्या देशांना आणि प्रांतांना वाटून दिली होती. दुसऱ्या राज्यातली कथा खेळायची तर खरोखर गाडीभाडं खर्चून तिकडे जायचं.

हे सगळं तेव्हा तगायचं एका कागदावर. त्याला लॉगशीट म्हणतात. कुठल्या तारखेला कुठली कथा, खेळातल्या सोन्याच्या मोहरा (सुरुवातीच्या, मिळालेल्या, खर्चलेल्या, शिल्लक), जादूच्या वस्तू, आणि कुणी खेळवलं त्याचं नाव. माझे वडील मार्केट यार्डात एका अडत दुकानी दिवाणजी होते. पहिली लॉगशीट त्यांना दाखवली तर चष्मा वर करून म्हणाले, "ही तर कीर्द." खेळातलं त्यांना तेवढंच पटलं.

२०१७ चा जुलै. सकाळपासून धो-धो पाऊस, तासगावहून येणाऱ्या दोघांचा 'जमत नाही' म्हणून फोन. उरला एकच, आमचा तेरा वर्षांचा रेंजर, म्हणजे रानातला तिरंदाज खेळवणारा पोरगा. त्याच्या पात्राचं नाव भैरू. फॉरगॉटन रेल्म्स या खेळातल्या जगाच्या जंगलात एल्फ लोकांची नावं काय वाट्टेल ती असोत, आमचा एल्फ भैरूच. पाच महिने रविवार न चुकवता तो चौथ्या पातळीला पोचला होता.

आणि एक पाहुणा. पुण्याचा, तिशीतला. मिरजेला नातेवाइकाचं ऑपरेशन होतं, गाडी रात्रीची, मधला वेळ काढायला आला होता. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये चौथ्याच पातळीचा फायटर, म्हणजे लढवय्या, आणि नीटनेटक्या लॉगशीट. शेवटची शिल्लक १,४६० मोहरा. पूर्ण पोलादी चिलखत १,५०० ला येतं. "चाळीस कमी आहेत," तो म्हणाला, "आज होतील बहुतेक."

पण लीगचा नियम होता, टेबलावर किमान तीन खेळाडू लागायचे. होते दोन.

भैरूला दर रविवारी सोडायला त्याचे आजोबा यायचे आणि खेळ संपेपर्यंत पुढे काउंटरपाशी पेपर वाचत बसायचे. हौशी रंगभूमीवर उमेदीची वर्षं घालवलेला माणूस, राज्य नाट्य स्पर्धेच्या गोष्टी तोंडपाठ. मी विचारलं, "आजोबा, बसता का?" त्यांनी पेपराची घडी घातली. तयार पात्रांचे कागद पुढे ठेवले, त्यातला त्यांनी चोर उचलला. "आयुष्यभर राजे नाहीतर भटजी केले. चोर कुणी दिलाच नाही मला."

नियम सांगायला घेतले तर त्यांनीच मला थांबवलं. म्हणाले, "हे तर विष्णुदास भाव्यांचं." १८४३ साली इथं सांगलीतच 'सीता स्वयंवर' झालं, तेव्हा पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं आपली भाषणं आयत्या वेळी रचून बोलायची. "तू सूत्रधार. कथा तुझी, बोलणं आमचं. बरोबर?" डंजन मास्टर म्हणजे कोण ते मी चार वर्षं लोकांना सांगत होतो, इतकं थोडक्यात मला कधी जमलं नव्हतं.

पहिले दोन तास मजेत गेले. एका पडक्या बुरुजाखालच्या विवरात उतरायचं होतं. आजोबा म्हणाले, "थांबा. आधी कंदील सोडा खाली. पेवात कुणी असं उतरतं का?" कंदील विझला नाही, पण त्याच्या उजेडात दोन सांगाडे उठून उभे राहताना दिसले. कथा लिहिणाऱ्याला हे सुचलेलं नव्हतं. भैरूला पुढे एका पेटीत जादूचं धनुष्य सापडलं आणि तो खुर्चीवर मांडी घालून बसला. खूश झाला की तो तसंच बसतो.

मग ओगर आला, म्हणजे धिप्पाड राक्षस. त्याचा सोटा भैरूच्या डोक्यात बसला आणि भैरूच्या जिवाचे गुण शून्यावर.

शून्य म्हणजे मेला असं नाही. दर पाळीला एक फासा टाकायचा. दहा किंवा वर आला तर एक यश, खाली आला तर एक अपयश. तीन यश, तर जगला. तीन अपयश, तर संपला. आणि फाशावर एक आला तर ती दोन अपयशं. औषधाची शेवटची बाटली आधीच संपली होती. पहिला फासा चौदा. पुण्याचा फायटर रक्त थांबवायला धावला, त्याला जमलं नाही. दुसरा फासा आठ. आजोबांचा चोर ओगरच्या पाठीत सुरा खुपसून मोकळा झाला, ओगर पडला, आणि भैरूची पाळी आली.

फासा घरंगळत जाऊन पेन्सिलीला टेकून थांबला. वर एक.

"तिरका आहे," पोरगं म्हणालं. "दादा, तिरका आहे ना? परत टाकू?"

तिरका फासा आम्ही परत टाकू देतो. तिरका की सरळ, याची परीक्षा ठरलेली: त्याच्या माथ्यावर दुसरा फासा ठेवायचा. घसरला तर तिरका, राहिला तर सरळ. बघणारे आम्ही चौघंच. मी नुसतं "हो, टाक" म्हणालो असतो तर कुणी हरकत घेतली नसती, आजोबांनी तर नाहीच. पण समोर त्या पाहुण्याचं फोल्डर उघडं होतं. त्याच्या १,४६० मोहरांवर ज्यांची नावं होती त्यातल्या एकालाही मी ओळखत नव्हतो, तरी सकाळी मी त्या निमूट मान्य केल्या होत्या. माझ्या टेबलावरून उठलेला भैरूही उद्या कुणीतरी असाच मान्य करणार. घरचा खेळ असता तर मी खुशाल खोटं बोललो असतो, खोटं कशाला सांगू.

मी माझा फासा अलगद त्यावर ठेवला. राहिला.

पोरगं रडलं नाही. धनुष्याच्या नावावर बोट ठेवून बसलं. मी तेव्हाचे नियम वाचून दाखवले. नवीन पात्र काढायचं, हा एक मार्ग. चौथ्या पातळीपर्यंत पात्र खेळातल्या ज्या संघटनेचं असेल ती धर्मादाय म्हणून त्याला जिवंत करवते, पण मग त्या दिवसाची सगळी कमाई जाते आणि तीच कथा त्या पात्राला पुन्हा खेळता येत नाही. म्हणजे धनुष्य गेलं ते कायमचं. नाहीतर देवळात १,२५० मोहरा भरायच्या. आजच्या लुटीचा वाटा प्रत्येकी ५५ निघाला. तो धरून भैरूकडे होत्या ३१०.

"इतरांना भरता येतात?" पाहुण्यानं विचारलं. त्याला नियम माहीत होता, मी तो मोठ्यानं म्हणावा अशी त्याची इच्छा असावी.

"येतात. सक्ती नाही."

आजोबांनी आपला कागद पुढे सरकवला. चोराकडे पंधरा होत्या, वाटा धरून सत्तर. "सगळ्या घे. नाटकात कमावलेलं नाटकातच जायचं."

पाहुण्यानं पेन काढलं. शिल्लक १,५१५ पर्यंत गेली होती, चिलखत घेऊन वर पंधरा उरले असते. त्यानं खर्चाच्या रकान्यात ८७० लिहिलं, ६४५ बाकी काढली आणि शेऱ्यात मराठीत लिहिलं, 'सांगली, भैरूसाठी.' मी शेजारी माझं नाव घातलं. पुढच्याच वर्षी लीगनं मोहरांची ही पद्धत बदलली, तेव्हा असा शेरा पुन्हा काही माझ्या हातून झाला नाही.

टेबलाचे पन्नास रुपये मात्र मी त्याच्याकडून घेतले. तो हिशेब वेगळा.

पाऊस थांबला नव्हता. शटरखाली तिघं रिक्षाची वाट बघत उभे होते. पोरगं बराच वेळ गप्प होतं, मग माझ्याकडे वळलं.

"दादा, यांचे ८७० मी परत कसे देऊ?"

"नाही देता येत. एका पात्रानं दुसऱ्याला मोहरा द्यायच्या नाहीत असा नियम आहे. फक्त कुणी मेलं तरच."

त्यानं विचार केला. "मग हे मेले की मी भरीन."

"शुभ बोल रे नाऱ्या!" आजोबा ओरडले, आणि रिक्षाला हात केला.