दिवे घाट चढताना

पुण्यातला दोन रात्रींचा मुक्काम आटोपून माउलींची पालखी हडपसरमार्गे सासवडला निघते. वडकी मागे पडली की दिवे घाट. रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, टाळांचा ठेका वाढतो, सगळ्यांच्या नजरा वळणावरच्या रथाकडे. मी मात्र यंदा रस्त्याच्या कडेकडेने चालत होते.

मृगाच्या सरी पडून गेल्या होत्या. उन्हाळाभर बोडका असलेला डोंगर पोपटी झाला होता. टाकळा, कुर्डूचे कोवळे शेंडे, आणि अगदी जमिनीलगत काळ्या मुसळीची पिवळी, सहा पाकळ्यांची फुलं. ती वाकल्याशिवाय दिसत नाहीत. पाऊल मात्र सहज पडतं. म्हणून मला वाटतं, गर्दी कितीही असो, डांबर सोडू नये.

दिंडीतल्या एका पोरीने कुर्डू मुळासकट उपटला, तशा परभणीकडच्या आजी म्हणाल्या, "शेंडा खुड गं माय, मूळ राहू दे. पुन्हा फुटंल ते."

पुढे एका वारुळाच्या अंगाला अळंबी उगवली होती. वाळवी वारुळात बुरशीची शेती करते. पालापाचोळा तिला घालते आणि तीच बुरशी खाते. पावसाची ओल आत पोचली की छत्र्या बाहेर येतात. कुणीतरी म्हणालं, लसूण घालून शिजवायची, काळा पडला तर विषारी. हे साफ खोटं आहे आणि जिवावर बेतणारं आहे. विषारी अळंबीतही लसूण पांढराच राहू शकतो. आजींनीही हात लावू दिला नाही. "आपल्या रानातली असती तर वळखली असती," म्हणाल्या.

एक अभंग संपून दुसरा सुरू होईपर्यंतच्या उसंतीत दरीतून पावशा ऐकू यायचा. पेर्ते व्हा, पेर्ते व्हा. पेरणी उरकून आलेले शेतकरी ते ऐकून एकमेकांकडे बघत आणि पुढे चालू लागत.

सासवडला रात्री कुर्डूची भाजी झाली, लसूण-मिरचीची, सोबत भाकरी. फुलोरा येण्याआधीच ती अशी लुसलुशीत लागते.

तिथेही मुक्काम दोन रात्रींचा, म्हणून सकाळी कऱ्हेकाठी गेले. बाभळीवर चातक होता, काळा-पांढरा, डोक्यावर तुरा. पावसाच्या वाऱ्यांबरोबर आफ्रिकेतून येतो आणि सातभाईंच्या घरट्यात त्यांच्यासारखीच निळी अंडी घालतो. खालच्या झुडपात सातभाईंचा थवा कलकलाट करत होता. आजींना हाक मारून दाखवला, तर त्या म्हणाल्या, "हा तर आमच्याकडं बी येतो."