आमची वाटचाल : दुरुस्तीकडून जॅकेट लाइनच्या डिझाइनकडे

साखर कारखान्यांच्या सल्फर लाइन, म्हणजे वितळलेलं गंधक नेणारे पाइप, हे शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपचं मुख्य काम. सुरुवात दुरुस्तीने झाली. सल्फर आतल्या कोअर पाइपमधून जातो आणि तो पातळ राहावा म्हणून त्याभोवतीच्या मोठ्या पाइपमध्ये, म्हणजे जॅकेटमध्ये, वाफ सोडतात. हे जॅकेट कापलं की भोक बहुतेक वेळा एकाच जागी सापडायचं : वाफेच्या नोझलच्या (वाफ जॅकेटमध्ये शिरते त्या तोंडाच्या) बरोबर समोर, कोअर पाइपवर. बाकी पाइप शाबूत आणि तेवढाच भाग बशीसारखा खोल, घासल्यागत चकचकीत. हा साधा गंज नव्हे. ओल्या वाफेतले पाण्याचे थेंब वेगाने तिथेच आदळत राहतात. जाड पाइप घातला तर भोक उशिरा पडतं, पण पडतंच. मग वाफ सल्फरमध्ये शिरते, आणि ओला सल्फर पोलाद आतून खातो.

म्हणून आम्ही डिझाइनही हातात घेतलं. पहिला हिशोब वेगाचा. सल्फर सुमारे 119 अंशांना वितळतो आणि 160 च्या वर एकदम घट्ट होतो, म्हणून जॅकेटला 3.5 किलो दाबाची, साधारण 148 अंशांची वाफ देतो. गार लाइन तापवताना तासाला 100 किलो वाफ लागली, तर 15 एनबी (एनबी म्हणजे पाइपचा नाममात्र व्यास, मिमीमध्ये) नोझलमध्ये वेग सेकंदाला 58 मीटरच्या आसपास जातो. 25 एनबी घेतला की 20 वर येतो. नोझल मोठं करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि नेमका तोच टाळला जातो.

नोझलसमोर आडवी प्लेट लावा, असं सर्रास सांगतात. पण 50 एनबी कोअरवर 80 एनबी जॅकेट असेल (दोन्ही शेड्यूल 40, म्हणजे ठरलेल्या प्रमाणित जाडीचे), तर मधली फट जेमतेम 9 मिमी. तिथे 6 मिमीची प्लेट वाफेची वाटच अडवते. अशा ठिकाणी आम्ही नोझल स्पर्शरेषेत, म्हणजे तिरकं जोडतो आणि कोअरवर त्याच धातूची 3 मिमीची अर्धगोल पट्टी बसवतो. धातू एकच असल्याने दोन्ही सारखेच प्रसरण पावतात.

वाफ कोरडी मिळावी म्हणून तिची शाखा हेडरच्या (मुख्य वाफेच्या पाइपच्या) वरून घेतो, आणि जॅकेटच्या आधी सेपरेटर (वाफेतलं पाणी वेगळं करणारा) आणि ट्रॅप (ते पाणी बाहेर सोडणारा, पण वाफ अडवणारा) बसवतो. कंडेन्सेट, म्हणजे वाफ थंड होऊन झालेलं पाणी, काढायचं ते तळातून. पीआरडीएसनंतर (वाफेचा दाब कमी करून पाण्याच्या फवाऱ्याने तिचं तापमान उतरवणाऱ्या यंत्रणेनंतर) हा फवारा पुरता मुरला नसेल, तर सेपरेटरला पर्याय नाही.

जॅकेट चढवण्याआधी कोअरच्या प्रत्येक वेल्डची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाखाली गळतीची चाचणी) घेतो. नंतर गळती नेमकी कुठे आहे ते शोधायला जॅकेट कापावंच लागतं.