ऑगस्टीनची आई भलतीच चिवट होती

२७ ऑगस्टला संत मोनिकाचा सण आणि लगेच २८ला तिच्या लेकाचा, संत ऑगस्टीनचा. प्रवचनात दरवेळी तेच, आई रडली, प्रार्थना केली, मुलगा सुधारला. पण चौथ्या-पाचव्या शतकातल्या या ख्रिस्ती विचारवंताने, ऑगस्टीनने, 'कन्फेशन्स' या आपल्या आत्मकथनात आईबद्दल जे लिहिलंय ते वाचा, बाई नुसती सोशिक वगैरे अजिबात वाटत नाही.

गाव थागास्ते, आज अल्जेरियात येतं. नवरा पॅट्रिशियस ख्रिस्ती नव्हता, तापट, वर बाहेरख्याली. पोरगा हुशार पण कार्थेजला शिकायला गेला आणि मानी पंथाच्या (मानी नावाच्या धर्मगुरूचा, चर्चच्या लेखी पाखंडी असलेला पंथ) नादी लागला, तर हिने त्याला घरात घ्यायचंच बंद केलं! नंतर एक स्वप्न पडलं तेव्हा कुठे परत आपल्या पंगतीला बसवलं. एका बिशपच्या मागे लागली की तुम्ही समजवा त्याला, तो नको म्हणाला तरी ही रडत तिथेच, शेवटी तो वैतागून म्हणाला जा आता, एवढ्या आसवांचा मुलगा वाया जायचा नाही. हे वाक्य सगळे भक्तिभावाने सांगतात, बिशप वैतागला होता हे मात्र कोणी सांगत नाही :)

३८३ साली ऑगस्टीन रोमला निघाला तर ही समुद्रापर्यंत मागे. मित्राला निरोप द्यायचाय अशी थाप मारून त्याने तिला रात्री संत सिप्रियनच्या चॅपलमध्ये थांबवलं आणि जहाजाने पसार. मग काय, ही पण समुद्र ओलांडून मिलानला हजर. तिथे मात्र बिशप अँब्रोजचं मुकाट ऐकायची, गावाकडच्या सवयीने हुतात्म्यांच्या थडग्यांवर लापशी, पाव, वाइन न्यायची ते त्यांनी मनाई केली म्हणून लगेच सोडलं.

३८७च्या ईस्टरला अँब्रोजच्या हातून ऑगस्टीनचा बाप्तिस्मा झाला, आणि तिच्या नातवाचा, म्हणजे ऑगस्टीनच्या मुलाचा, अदेओदातुसचाही. त्याच वर्षी आफ्रिकेला परतायच्या वाटेवर, रोमजवळच्या ओस्तिया बंदरात मोनिका वारली, वयाच्या ५६व्या वर्षी.

एक गोष्ट मात्र मला खटकते. मिलानमध्ये मुलाचं लग्न जमवायला सगळ्यात जास्त पुढे हीच होती, नवरी लग्नाच्या वयाला दोनेक वर्षं कमी, आणि त्या लग्नापायी ऑगस्टीनसोबत वर्षानुवर्षं राहिलेल्या बाईला आफ्रिकेला परत जावं लागलं, मुलगा इथेच ठेवून. लग्न तर झालंच नाही शेवटी. आणि अदेओदातुसच्या आईचं साधं नावसुद्धा ऑगस्टीनने लिहिलेलं नाही.