माणूस नको, पैसे घ्या

मार्च आला की जर्मनीत, श्टुटगार्टमधल्या आमच्या ऑफिसात एक फॉर्म भरायची घाई सुरू होते. गेल्या वर्षी किती दिव्यांग कर्मचारी होते, ते 31 मार्चच्या आत रोजगार खात्याला कळवायचं. वीस किंवा जास्त माणसं कामाला असतील तर 5 टक्के जागा गंभीर अपंगत्व असलेल्यांना द्यायच्या. नाही दिल्या तर प्रत्येक कमी पडलेल्या जागेमागे दरमहा पैसे. यंदा एचआरमधली बाई सहज म्हणाली, "आपण पैसेच भरतो. सोपं पडतं."

मला ते पचलंच नाही. कारण हा नियम आला कुठून ते बघा. पहिलं महायुद्ध हरलेला देश, हातपाय गमावलेले सैनिक घरी परततायत आणि युद्ध थांबून दोन महिने होतात न होतात तोच, जानेवारी 1919 मध्ये हुकूम निघाला: शंभर कामगारांमागे एक जायबंदी माणूस ठेवलाच पाहिजे. एप्रिल 1920 मध्ये त्याचा कायदा झाला. कारखान्यातल्या अपघातांत जायबंदी झालेलेही त्यात आले आणि सरकारी संमतीशिवाय त्यांना काढायची सोय उरली नाही. खजिना रिकामा, राज्य डळमळतंय, तरी हे! (चिडलेले बेकार सैनिक रस्त्यावर नकोत, ही भीतीही त्यामागे होतीच म्हणा.)

1974 मध्ये तर अपंगत्व कशामुळे आलं हा प्रश्नच कायद्याने सोडून दिला. जन्मतः अंध मुलगी आणि स्टालिनग्राडच्या लढाईतून परतलेला म्हातारा एकाच रांगेत. मानलं जर्मनांना.

पण ते पैसे! 1953 च्या कायद्यात ही पळवाट शिरली, तेव्हा जागेमागे महिना 50 मार्क. आज हा नियम लागू असलेल्या कंपन्यांपैकी सुमारे पाव कंपन्यांत एकही दिव्यांग कर्मचारी नाही. 2024 मध्ये अशा मोठ्या कंपन्यांसाठी दर 720 युरो केला, पण इथल्या इंजिनिअरच्या पगारापुढे ती चिल्लरच. आमच्याकडे लिफ्ट आहे, रुंद दारं आहेत, वेगळं टॉयलेट आहे, फक्त माणूस नाही. "ते पैसे दिव्यांगांच्याच सोयींसाठी वापरतात," हेही बाईंनी ऐकवलं. म्हणजे वर पुण्यच!

इथल्यांनी भारताचं विचारलं की मी खडकी सांगते. जखमी हिंदी सैनिकांना हातचं काम शिकवायला 1917 मध्येच मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल निघालं, पुढे ते खडकीला आलं, अजून चालू आहे. जर्मन हुकमाच्या दोन वर्षं आधी! ते इंग्रजांच्या राज्यात निघालं, हे सांगत नाही. 2016 च्या कायद्यातले आपले 4 टक्के सरकारी नोकऱ्यांपुरते आहेत, खासगी कंपन्यांवर सक्ती नाही, हेही विचारल्याशिवाय नाही.

एचआरला मी काही बोलले का? नाही. माझा इथे राहायचा परवाना या नोकरीवर आहे. शिवाय पुण्यातल्या माझ्या जुन्या कंपनीतही कुणी दिव्यांग नव्हतं, आणि तिथे तसं लिहून द्यायचीही वेळ कुणावर येत नव्हती.