कूलर घ्यायच्या आधी कॅबिनेट कुठे ठेवलंय ते बघा

एप्रिल लागला की ओळखीतल्या कोणाचा ना कोणाचा फोन येतोच, पीसी जाम तापतोय, कुठला कूलर (प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा) घेऊ, लिक्विड म्हणजे पाण्याचा घेऊ का. मी आधी एकच सांगतो, कॅबिनेट, म्हणजे पीसीचा डबा, जिथे ठेवलंय तिथला फोटो पाठव. दहातल्या सात-आठ फोटोंत तेच दिसतं, कॉम्प्युटर टेबलाच्या खालच्या खणात कॅबिनेट घुसवलेलं, दोन्ही बाजूंना प्लायवूड, मागे भिंत, आणि पुढे दार असेल तर तेही लावलेलं. मागचा पंखा गरम हवा बाहेर फेकतो ती भिंतीला आपटून त्याच खणात फिरते आणि पुढचा पंखा तीच परत आत ओढतो. अशा जागी पंधरा हजाराचा कूलर लावला तरी तो बिचारा काय करणार?

एक गोष्ट डोक्यात पक्की बसली पाहिजे, ती म्हणजे कूलर कुठलाही असो, हवेवरचा किंवा पाण्याचा, तो प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त आतली उष्णता खोलीत आणून टाकतो. म्हणजे २४ डिग्रीच्या एसी रूममध्ये ज्या कामाला ७० दाखवतो त्याच कामाला मे महिन्यात दुपारी ३४ डिग्रीच्या हॉलमध्ये साधारण ८० दाखवणार, यात बिघाड काहीच नाही. यूट्यूबवरचे आकडे बऱ्याचदा २१-२२ डिग्रीच्या खोलीत घेतलेले असतात, ते बघून लोक उगाच घाबरतात. म्हणून टेम्परेचर सांगताना खोलीचं पण सांगा, नाहीतर त्या आकड्याला काही अर्थ नाही. आणि टेम्परेचर बघायला एचडब्ल्यूइन्फो नावाचं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे, कमाल आकडा पण लक्षात ठेवतो.

किती म्हणजे जास्त? इंटेलच्या १२व्या जनरेशनच्या डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० डिग्री आहे, तिथे पोचला की तो स्वतःच स्पीड कमी करतो, तरी वाढलं तर मशीन बंद होतं. रायझन ७००० सिरीजचे बहुतेक प्रोसेसर तर एएमडीने ९५ पर्यंत जाऊन चालतील असेच बनवलेत, त्यामुळे फुल लोडला ९५ दिसलं म्हणून रडायचं कारण नाही. पण ब्राउझर उघडून नुसतं बसलोय आणि ७५-८० दिसतंय, तर मात्र नक्की काहीतरी अडलंय.

कुठे अडलंय ते शोधायची माझी पद्धत सोपी आहे आणि मला वाटतं सगळ्यात जास्त पैसे हीच वाचवते. जड काम सुरू करा, रेंडर (थ्रीडी डिझाइनचं चित्र बनवणं) असू दे नाहीतर गेम, आणि टेम्परेचर चढतं कसं ते बघा. सुरू केल्याबरोबर दोन-तीन सेकंदांत ४५ वरून थेट ९५ ला उडी मारली तर बहुतेक वेळा गडबड प्रोसेसर आणि हीटसिंकच्या (कूलरच्या धातूच्या पात्यांच्या ठोकळ्याच्या) मध्ये असते, तिथे उष्णता पोचवायला लावलेली पेस्ट सुकलीये किंवा कूलर नीट बसलेला नाही (किंवा कूलरच प्रोसेसरच्या मानाने फार छोटा आहे). आणि दहा-पंधरा मिनिटं हळूहळू चढत गेलं तर हवेचा प्रश्न. मग कॅबिनेटची बाजूची काच काढून तेच काम परत लावा, पाच-सहा डिग्रीच्या वर उतरलं म्हणजे कॅबिनेटला श्वास मिळत नाहीये हे नक्की.

ताईकडे ठाण्यात कासारवडवलीला हेच झालं. भाची आर्किटेक्चरला आहे, रात्री रेंडर लावून झोपायची आणि सकाळी बघावं तर मशीन बंद, सबमिशन तोंडावर. "मामा, दुकानवाला म्हणतो मदरबोर्ड बदलायला लागेल." पोरगी रडकुंडीला आलेली. इंटेलचा आय७ १२७०० प्रोसेसर, सोबत आलेला कंपनीचाच कूलर, पुढून सगळं काचेचं कॅबिनेट, आणि ते टेबलाच्या खणात. त्यात घोडबंदर रोडला मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून त्या पट्ट्यात धूळ किती आहे ते तिथे राहणाऱ्यालाच माहीत, सकाळी पुसलेल्या खिडकीवर संध्याकाळी बोटाने नाव लिहा. वरून बघितलं तर कूलर बऱ्यापैकी साफ दिसत होता. पण पंखा सोडवून बाजूला केला तर खाली हीटसिंकच्या पात्यांवर राखाडी धुळीचा गोधडीसारखा जाड थर, चिमट्याने एका कडेला धरून उचलला तर अख्खा एका तुकड्यात निघाला. हवा त्या थरावरच अडायची, पात्यांपर्यंत पोचायचीच नाही. हे पंखा काढल्याशिवाय दिसत नाही, म्हणून सांगतो, वरून ब्रश फिरवून साफ झालं असं समजू नका.

साफ करताना स्विच बंद, वायर काढलेली, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचंच, हवेने तो भन्नाट फिरला की बेअरिंग खराब होतं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर बोर्डाला लावू नका, स्टॅटिकची भीती असते. हे सगळं बाल्कनीत करा, घरात केलंत तर धूळ परत तिथेच. आणि एएम४ सॉकेटचा (प्रोसेसर बसतो त्या खाचेचा) रायझन असेल तर एक महत्त्वाचं, कूलर काढायच्या आधी मशीन थोडा वेळ चालवून गरम करा म्हणजे पेस्ट मऊ पडते, मग बंद करून कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळत सोडवायचा. सरळ वर ओढलात तर सुकलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकल्या की संपलं. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, नवी मध्ये वाटाण्याएवढी पुरते. इंटेलच्या कूलरच्या चारही पिना आतपर्यंत बसल्यात का ते बोर्डाच्या मागून बघा, एक जरी अर्धवट राहिली तर कूलर एका कोपऱ्यातून उचललेला राहतो.

भाचीचं कॅबिनेट खणातून बाहेर काढलं, टेबलाच्या बाजूला लाकडी पाटावर ठेवलं (जमिनीवर नको, धूळ तिथेच सगळ्यात जास्त आणि फरशी पुसताना पाणी लागतं ते वेगळं), मागे वीतभर जागा सोडली. रस्त्याकडची खिडकी टेबलाच्या पाठीशीच होती म्हणून टेबलच दुसऱ्या भिंतीला नेलं. पुढे दोन पंखे आत ओढणारे, मागे एक बाहेर टाकणारा. आत येणारी हवा जास्त ठेवली की ती फटींतून बाहेर पडते आणि धूळ फक्त फिल्टरवाटेच यायचा प्रयत्न करते, आपल्या भागात याला फार किंमत आहे.

आणि मग बायोस, म्हणजे मदरबोर्डच्या आतल्या सेटिंग्ज, कारण खरा चोर तिथे होता. १२७०० चं बेस पॉवर ६५ वॅट आणि टर्बोला, म्हणजे स्पीड वाढवतो तेव्हा, १८० वॅटपर्यंत जातो, बऱ्याच बोर्डांवर तो टर्बो किती वेळ चालवायचा यावर मर्यादाच नसते, आणि सोबतचा छोटा कूलर रात्रभर तेवढी उष्णता कुठून झेलणार. लाँग ड्युरेशन पॉवर लिमिट, म्हणजे सलग कामाला किती वीज खायची ती मर्यादा, ९० वॅटला बांधली. रेंडरला थोडा वेळ जास्त लागतो, पण निम्मी वॅट केली म्हणून स्पीड निम्मा होत नाही, वरच्या शेवटच्या थोड्याशा स्पीडसाठीच तो सगळ्यात जास्त वीज खातो. रायझनवाल्यांना इको मोड आहे, काम तेच. ग्राफिक्स कार्डला आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमधून पॉवर लिमिट ८० टक्के करून बघा, आणि ६० हर्ट्झचा मॉनिटर असेल तर गेमला ६० चा फ्रेम कॅप (सेकंदाला किती चित्रं बनवायची ती मर्यादा) लावा, जे फ्रेम दिसणारच नाहीत ते बनवण्यात कार्ड फुकट तापतं.

एवढं सगळं करून सुद्धा रोजचं काम जड असेल तर दोन-अडीच हजारात १२० एमएम पंख्याचा टॉवर कूलर येतो तो घ्या, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर मार्केटला जाऊन सॉकेट सांगून घ्या आणि कॅबिनेटमध्ये किती उंचीचा कूलर मावतो ते आधी मोजून जा. भाचीला सध्या तोही लागला नाही, मदरबोर्ड तोच आहे, सबमिशन झालं.